एका रुग्णाचा अनुभव, हजारांचा पुरावा

पुस्तक : माझा साक्षात्कारी हृदयरोग
लेखक : डॉ. अभय बंग
प्रकाशक : राजहंस प्रकाशन, पुणे (२०००)

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला भेटायला जाताना फळांच्या पिशवीबरोबर हे पुस्तक नेणारे अनेकजण आपल्या ओळखीत असतील. पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने ते २००० साली काढले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. हृदयविकारावर मराठीत इतर डॉक्टरांनीही लिहिले आहे, पण सर्वसामान्य वाचकाच्या मनात इतके खोल रुजलेले दुसरे पुस्तक सांगणे कठीण आहे. म्हणून ते केवळ एक आत्मकथन राहिलेले नाही. मराठी समाजाचे हृदयविकारावरचे ते एक पाठ्यपुस्तकच झाले आहे. आणि पाठ्यपुस्तक म्हटले की शिक्षकाने ते तपासून पाहायला हवे : त्यातून काय शिकवले जाते, कशाच्या आधारावर, आणि शिकणाऱ्याच्या हाती शेवटी काय लागते?

हा प्रश्न आपल्याला दूरचाही नाही. भारतातील ८९ रुग्णालयांतल्या २०,४६८ रुग्णांची 'क्रिएट' नावाची पाहणी २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. त्या रुग्णांचे सरासरी वय होते ५७.५ वर्षे, म्हणजे जवळजवळ निवृत्तीला टेकलेल्या शिक्षकाचे वय. शिक्षकांच्या खोलीत या विषयावर सल्ले देणारे पुष्कळ असतात. त्या सल्ल्यांतला कोणता घ्यावा आणि कोणता सोडावा, हे ठरवण्याची रीत या पुस्तकाच्या निमित्ताने पाहू.

लेखक आणि त्यांची गोष्ट

डॉ. अभय बंग हे डॉक्टर आणि संशोधक. त्यांनी व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. चाळिशीच्या मध्यावर, कामाच्या ऐन भरात असताना अभय बंगांना हृदयविकाराचा झटका आला. दुसऱ्यांच्या आरोग्याचा अभ्यास करणारा माणूस स्वतः रुग्ण झाला, आणि 'हे मला का झाले?' याचा शोध त्याने संशोधकाच्या चिकाटीने घेतला. त्या शोधात त्यांना अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांचा कार्यक्रम सापडला. अत्यंत कमी चरबीचा शाकाहार, चालणे, योगासने, ध्यान आणि मनातल्या ताणाकडे पाहायला शिकणे हे सर्व त्यांनी स्वतःवर करून पाहिले. पुस्तक शरीरापासून सुरू होते, मनाकडे वळते आणि शेवटी जगण्याच्या हेतूपर्यंत जाऊन पोचते. शीर्षकातला 'साक्षात्कारी' हा शब्द तिथून आलेला आहे.

पुस्तकाचे पहिले बळ त्याच्या प्रामाणिकपणात आहे. डॉक्टर रुग्णाशी बोलतात तेव्हा बहुधा वरून खाली बोलतात. इथे डॉक्टर खाटेवर आहे. त्याला भीती वाटते, आणि ती तो लपवत नाही. दुसरे बळ असे, की रुग्णाला इथे काम दिले आहे. आपल्याकडे झटक्यानंतर रुग्णाची अवस्था बऱ्याचदा देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी होते. त्याला उचलून ठेवायचे, सांभाळायचे, पण त्याने स्वतः काही करायचे नाही. हे पुस्तक रुग्णाला सांगते, की ऊठ, तुझ्या आजारात तुलाही करण्याजोगे पुष्कळ आहे. हा धडा मोलाचा आहे. पुढे जे आक्षेप घेतले आहेत, ते या धड्यावर नाहीत.

बंद नळाची उपमा

पुढचे मुद्दे समजायला झटका म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्या असतात. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षे चरबीयुक्त थर साठतो. आपण मुलांना सांगतो, की नळात गाळ साठत जातो आणि एक दिवस नळ पूर्ण बंद होतो. ही उपमा सोपी आहे, पण अपुरी आहे. बहुतेक झटक्यांत असे होते, की थरावरचे पातळ आवरण फाटते, आतला पदार्थ रक्ताच्या संपर्कात येतो आणि तिथे काही मिनिटांत रक्ताची गुठळी जमते. ती गुठळी धमनी अडवते, आणि पुढच्या स्नायूचा प्राणवायू तुटून तो मरू लागतो. फाटणारा थर मोठाच असतो असे नाही. धमनी निम्मीही न अडवणारा थर अनेकदा फाटतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, मिनिटांना किंमत आहे. क्रिएट पाहणीत त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यांक सुमारे सहा तासांचा होता. दुसरी गोष्ट अशी, की उपचाराचे यश 'नळ किती मोकळा झाला' एवढ्यावरच मोजता येत नाही. थर टिकाऊ झाला, फाटेनासा झाला, तर नळाची रुंदी फारशी न बदलताही झटके कमी होतात.

एक म्हणजे किती?

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. ज्या वर्षी हे पुस्तक आले, त्याच्या आदल्याच वर्षी, १९९९ मध्ये, बंग दांपत्य व त्यांच्या सहकाऱ्यांचा नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीविषयीचा शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये आला होता. त्यात ३९ गावांत उपाय केला होता आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली होती. उपाय केलेल्या गावांत बालमृत्यू घटले एवढे म्हणून ते थांबले नाहीत. उपाय न केलेल्या गावांत त्याच काळात काय झाले, हेही त्यांनी मोजले. तुलनेविना निष्कर्ष नाही, हा त्या कामाचा कणा होता.

त्याच संशोधकाच्या या पुस्तकात रुग्ण एक आहे आणि तुलनेचा गट नाही. आत्मकथनात तो असणारही नाही. लेखकाचा दोष इथे नाही, वाचकाने सावध राहायचे आहे. बंग बरे झाले हे खरे. पण कशाने? आहाराने, चालण्याने, ध्यानाने, झालेल्या वैद्यकीय उपचारांनी, की काही प्रमाणात आपसूक? झटक्यानंतर बरेच लोक विशेष काही न करताही कित्येक वर्षे जगतात आणि काहीजण सर्व काही करूनही जगत नाहीत. जे जगले नाहीत, त्यांची पुस्तके येत नाहीत. स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलाला 'तू काय खातोस?' असे विचारून सर्व वर्गाचा डबा ठरवण्यासारखे ते होईल.

मग ऑर्निश यांच्या प्रयोगाचे काय? तो १९९० साली प्रसिद्ध झाला आणि त्यात तुलनेचा गट होता, ही त्याची मोठी बाजू. ४८ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले होते. कार्यक्रमातल्या गटात कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे दिली नव्हती. वर्षानंतर ४१ जणांच्या धमन्यांची चित्रे तपासता आली. कार्यक्रम पाळणाऱ्यांत अडथळा सरासरी ४०.० टक्क्यांवरून ३७.८ वर आला, आणि दुसऱ्या गटात ४२.७ वरून ४६.१ वर गेला. पाच वर्षांचा हिशेब १९९८ मध्ये आला, तेव्हा ३५ रुग्ण उरले होते. कार्यक्रम पाळणाऱ्या गटात हृदयाशी संबंधित घटना २५, तर दुसऱ्या गटात ४५ नोंदल्या गेल्या.

हे आकडे वर्गात फळ्यावर लिहावेत असे आहेत. अडथळा फक्त दोन-तीन टक्क्यांनी बदलला, पण घटनांत मोठा फरक पडला. नळाची उपमा अपुरी का, हे यातून दिसते. शिवाय ३५ ही संख्या एका वर्गातल्या मुलांहूनही कमी आहे. आणि तिसरे म्हणजे, या प्रयोगात आहार, व्यायाम, धूम्रपान सोडणे, ध्यान आणि आठवड्यातून दोनदा एकत्र बसून बोलणे हे सर्व एकाच वेळी बदलले होते. एका वेळी एकच घटक बदलावा, हे आपण सातवीच्या मुलांना बीज अंकुरण्याच्या प्रयोगात शिकवतो. इथे 'ध्यानाने हृदयविकार बरा होतो' किंवा 'तेल सोडल्याने बरा होतो' असे सुटे वाक्य काढता येत नाही.

पुण्यातल्याच आणखी एका कामाची इथे आठवण होते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली एक गमतीदार तुलना छापली. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीयुक्त अशी आपल्याकडची अनेक शरीरे आहेत. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या माणसांवर बेतलेला आहाराचा तक्ता सदाशिव पेठेत जसाच्या तसा लागू होईल असे गृहीत धरू नये. तेल-तूप बंद केले आणि त्या जागी भात, साबुदाणा आणि साखर वाढली, तर रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढू शकते.

गोळ्यांचा कंटाळवाणा धडा

एवढ्या प्रभावी आत्मकथनानंतर वाचकाच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे : जीवनशैली बदलून इतके साधत असेल, तर रोजच्या गोळ्या कशाला? याचे उत्तर ठामपणे द्यायला हवे. १९९४ साली स्कॅन्डिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचा निष्कर्ष आला. स्टॅटिन गटातले कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध घेणाऱ्यांत पाच-साडेपाच वर्षांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. रक्त गोठू न देणारी अॅस्पिरिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांचाही पुरावा असाच हजारोंच्या चाचण्यांवर उभा आहे. आणि तरीही २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्युअर' या १७ देशांतल्या पाहणीत भारतासह कमी उत्पन्नाच्या देशांतले हृदय व पक्षाघाताचे पाचपैकी चार रुग्ण यातली एकही गोळी घेत नव्हते.

आपला मोठा प्रश्न हा आहे. गोळी रोज घेण्यात साक्षात्कार नाही. त्यावर कोणी आत्मकथन लिहीत नाही. पण जीव वाचवणाऱ्या गोष्टी पुष्कळदा अशाच कंटाळवाण्या असतात. चालणे, तंबाखू सोडणे आणि आहार हे गोळ्यांच्या जोडीने करायचे आहे, त्यांच्याऐवजी नाही. हृदयविकारावरचे कोणतेही पुस्तक भेट देताना एवढे वाक्य पहिल्या कोऱ्या पानावर हाताने लिहून द्यावे.

जगणे कसे आहे?

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग या पुस्तकाने साधले काय? त्यासाठी 'जगण्याची गुणवत्ता' ही कल्पना घ्यावी लागेल. रुग्ण किती वर्षे जगला हा एक प्रश्न. ती वर्षे कशी गेली हा दुसरा. त्याला पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढता येतात का, तो कामावर परतला का, रात्री छातीत जरा कुठे दुखले की घाम फुटतो का, नवरा-बायकोच्या संबंधांत भीती शिरली आहे का, घरचे त्याला पिशवी तरी उचलू देतात का? आता या गोष्टी प्रश्नावल्यांनी मोजल्या जातात, आणि त्या मोजता येतात हेच अनेकांना ठाऊक नसते.

न्यूझीलंडमध्ये कीथ पेट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. झटक्यानंतर रुग्णांना स्वतःच्या हृदयाचे चित्र काढायला सांगितले : तुमच्या मते आत काय झाले आहे? ज्यांनी हृदयाचा भाग खराब झालेला दाखवला, ते तीन महिन्यांनंतरही स्वतःला कमी बरे झालेले मानत होते आणि कामावर परतायला त्यांना जास्त वेळ लागला. रुग्णाचे हृदय किती बिघडले आहे, याइतकेच 'ते किती बिघडले आहे असे त्याला वाटते' हेही महत्त्वाचे ठरले. याच गटाने २००२ मध्ये दाखवले, की रुग्णालयात असतानाच तीन बैठकांत रुग्णाच्या आजाराविषयीच्या कल्पना नीट करून दिल्या, तर तो कामावर लवकर परततो.

पुस्तकानेही हे साधते. ब्रिटनमध्ये बॉब लेविन यांनी झटक्यानंतर घरी बसून सहा आठवडे वापरायची एक पुस्तिका तयार केली आणि १९९२ साली १७६ रुग्णांवर तिची चाचणी घेतली. तुलनेच्या गटालाही नुसती माहितीपत्रके आणि गप्पा दिल्या होत्या. पुस्तिका वापरणाऱ्यांची मनःस्थिती वर्षानंतरही अधिक चांगली होती आणि डॉक्टरांकडच्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. त्या पुस्तिकेत रोज काय करायचे ते पायरीपायरीने होते आणि अधूनमधून विचारपूस करणारे माणूस होते.

दुसऱ्या बाजूने, रुग्णशिक्षणावरच्या २२ चाचण्या आणि ७६,००० हून अधिक रुग्ण एकत्र घेऊन २०१७ मध्ये जो आढावा झाला, त्यात शिक्षणाने मृत्यू किंवा पुन्हा येणारे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. जगण्याच्या गुणवत्तेच्या काही बाजू मात्र सुधारल्याचे दिसले. आपल्या देशातल्या योगाच्या चाचणीनेही जवळपास हेच सांगितले. २४ केंद्रांत ३,९५९ रुग्णांवर झालेली ही 'योगा-केअर' चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. योग करणाऱ्या गटात मृत्यू व मोठ्या आजारपणांत खात्रीने म्हणता येईल असा फरक पडला नाही. पण त्यांना जरा अधिक बरे वाटत होते, आणि झटक्यापूर्वीची कामे ते अधिक प्रमाणात करू लागले होते.

'माझा साक्षात्कारी हृदयरोग'ची खरी जागा इथे आहे, असे मला वाटते. हृदयविकार नाहीसा करणारे पुस्तक म्हणून त्याचा प्रचार झाला, तर तो पुराव्याच्या पुढे गेलेला प्रचार ठरेल. आजारासकट जगण्याची रीत शिकवणारे पुस्तक म्हणून ते पाहिले, तर त्याचे काम मोठे आहे, आणि हे काम दुय्यम नाही. झटक्यानंतर उदास झालेल्या माणसाला पुन्हा सकाळी चपला घालून टेकडीकडे निघावेसे वाटणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

दोष कोणाचा?

एक अडचण तरीही उरते. आजाराचे कारण स्वतःच्या स्वभावात शोधायला शिकवले, की बरे होणे हे चारित्र्याचे प्रमाणपत्र बनू लागते. ज्याला दुसरा झटका येतो, त्याला वाटते, आपले ध्यान कमी पडले, आपला राग गेला नाही. आजारी माणसावर अपराधाचे ओझे घालणे हे रुग्णशिक्षण नव्हे. झटक्यानंतर पुष्कळांना खरोखरच नैराश्य येते. ते ओळखून त्यावर उपचार करावे लागतात. केवळ आत्मपरीक्षणाने ते जात नाही.

आणि सर्वांना सारखी संधीही नसते. क्रिएट पाहणीत गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के तीस दिवसांत दगावले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत उरली नाही. म्हणजे गरिबांना कमी उपचार मिळाले, हे तिचे मोठे कारण. दिवसाला बारा तास रिक्षा चालवणाऱ्याला 'धावपळ कमी करा' असे सांगणारा सल्ला कितीही खरा असला तरी त्याच्या हाती काही देत नाही. त्याला स्वस्त गोळ्या, जवळचा दवाखाना आणि छातीत दुखू लागल्यास न थांबता कुठे जायचे याचा पत्ता हवा आहे.

वर्गासाठी

नववी-दहावीच्या मुलांबरोबर या पुस्तकातला एखादा भाग वाचून तीन रकाने करावेत : लेखकाने अनुभवलेले, लेखकाने इतरांच्या प्रयोगांतून घेतलेले, आणि लेखकाला वाटलेले. कोणते वाक्य कुठे जाते यावर चांगला वाद होईल. दुसऱ्या तासाला ऑर्निश यांचे आकडे देऊन विचारावे : यावरून काय म्हणता येते, काय म्हणता येत नाही, आणि ते म्हणता यावे म्हणून तुम्ही कसा प्रयोग रचाल? चित्राचा उपक्रमही करता येईल. 'झटका आल्यावर हृदयात काय होते' हे मुलांना आधी आपल्या समजुतीने काढू द्यावे, मग गुठळीची माहिती द्यावी आणि पुन्हा काढायला सांगावे. घरात अलीकडेच कोणाला झटका आला असेल अशा मुलावर मात्र चित्र काढण्याची सक्ती करू नये.

पुस्तक जरूर वाचावे, भेटही द्यावे. ते सोबतीसारखे वाचावे, औषधाच्या चिठ्ठीसारखे नव्हे. २००० सालानंतर या विषयात पुष्कळ भर पडली आहे आणि ती या पुस्तकात नसणार, हेही वाचणाऱ्याला सांगावे. मराठीत आता त्याच्या शेजारी ठेवायला एक साधी पुस्तिका हवी. गोळ्या कोणत्या व का, पहिल्या आठवड्यात किती पावले, जिना कधी, काम कधी, भीती वाटली तर काय, आणि पुन्हा दुखले तर कुठे, एवढेच तिच्यात असावे. ती लिहायला डॉक्टर लागतील. पण ती कळेल अशी व्हायची असेल, तर त्यांच्या शेजारी एक शिक्षकही बसायला हवा.